परतीच्या फेऱ्या

स्विंडनमध्ये एक चौक आहे. चौक कसला,
पाच लहान चक्रं एका मोठ्याला चिकटलेली.
बाहेरून गाड्या घड्याळाच्या दिशेनं जातात,
आतून उलट्या.
ग्लेनिसबाई शेजारी, त्यांच्या पायाशी त्यांचा वेगळा ब्रेक.
म्हणाल्या, सगळा चौक बघायचाच नाही.
समोरचं चक्र तेवढं बघ. उजवीकडून येणाऱ्याला वाट दे, आणि पुढे.
मी चार चक्रं पार केली. हात थरथरले नाहीत.

त्याच आठवड्यात वेअरहाउसच्या कॅन्टीनमध्ये
ओसवाल्ड फुर्ताडोनं टिश्यूवर गणित मांडलं.
दहा ठेव. दहावर आठ उचल.
आठाचं पुन्हा इथर घे, तेही ठेव,
त्यावर सहा-चार उचल, आणि असंच.
ना मॅनेजर, ना सही, ना जामीनदार.
खिडकी कधी बंद होत नाही
कारण खिडकीच नाही.
टिश्यूवर चहा सांडला तसे शेवटचे आकडे फुगले.

याची टोपी त्याच्या डोक्यावर म्हणतात.
इथे टोप्याही माझ्याच होत्या
आणि डोकंही एकच.

चार उचलींत दहाचे साडेतेहेतीस झाले. हजार पौंडांत सांगतोय.
हेमांगीला तेवढंच सांगितलं.
साडेतेवीस देणं आहे, हे वाक्य
दुसऱ्या दिवसासाठी ठेवलं, मग रविवारसाठी.
ते दहा आमच्या घराच्या डिपॉझिटचे.
शब्द दोन्हीकडे एकच, डिपॉझिट,
त्यामुळे खोटं बोलल्यासारखं वाटलं नाही.

पडद्यावर एक आकडा असतो. त्याला हेल्थ म्हणतात.
माझा होता एक पूर्णांक अठरा.
एकच्या खाली गेला की कुणी अनोळखी,
बहुधा माणूसही नाही,
तुमचं तारण विकतो, आपली दलाली कापून घेतो.
घरी पत्र येत नाही.
हेमांगी डायलिसिस वॉर्डात आहे. एकदा भांडी विसळताना
कुणा पेशंटबद्दल म्हणाली होती,
आकडा बघून काय कळतं? उतार बघावा.
मी मान डोलावली, आणि खिशातल्या खिशात
फोनचा उजेड कमी केला.

बुधवारी, रात्रपाळीच्या सुट्टीत, दोन चाळीसला,
एक पूर्णांक शून्य तीन.
पार्किंगमध्ये उभ्या व्हॅनच्या आड मी सोडवायला बसलो.
सगळं एकदम निघत नाही, हे टिश्यूवर नव्हतं.
सातशे सत्तर काढू दिले. ते विकले, देण्यात भरले,
तेव्हा नऊशे तीस सुटले.
ते विकले, भरले, तेव्हा अकराशे.
प्रत्येक वेळी एक निळं वर्तुळ फिरायचं, थांबा, थांबा,
आणि मधल्या त्या मिनिटात भाव आणखी एक पायरी उतरायचा.
बोटं गारठली म्हणून हातमोजा दातांनी ओढला.
सुपरवायझर दारात येऊन गेला, काही बोलला नाही.
जाताना चार फेऱ्या लागल्या होत्या.
परतायला अकरा.

सकाळी हेमांगी ड्युटीवरून आली,
बूट न काढता पायरीवर बसली.
मी सांगितलं. सव्वापाच उरले.
तिनं पाठ भिंतीला टेकली.
फार वेळ गेला असावा, शेजाऱ्यांचे कचऱ्याचे डबे उचलून गेले.
मग विचारलं, किती वाजता सुरू केलंस?
दोन चाळीसला.
मी जागीच होते रे, म्हणाली, रात्रभर.
आणि आत जाऊन तिनं कुकर लावला,
दोघांपुरता, रोजचाच.

शनिवारी पुन्हा तोच चौक.
पहिल्याच चक्राच्या तोंडाशी मी थांबलो ते थांबलोच.
मागून एक हॉर्न, मग दुसरा.
ग्लेनिसबाई हळूच म्हणाल्या, जागा होती की.
होती, मी म्हटलं,
आणि मान वळवून सगळा चौक बघत राहिलो.